रिलीव्हर आल्याशिवाय जायचं नाही

राष्ट्रपती भवनासमोर शनिवारी पहारा बदलतो. अंगरक्षक दलाचे घोडेस्वार, बँड, आरशासारखे बूट आणि आधी नाव नोंदवून आलेले प्रेक्षक. लंडनला बकिंगहॅम राजवाड्यापुढे तर याच सोहळ्यासाठी माणसं तास-तासभर रेलिंगला चिकटून असतात. दिल्लीचं वर्णन मी जरा रंगात येऊन करत होतो, तेव्हा चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये काम करणारा माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, त्यात काय बघायचं? आमच्या गेटवर रोज तीनदा होतं. बँड नसतो एवढंच."

तेवढ्यावरून हा प्रवास ठरला. भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंतचा पट्टा बघायचा, पण गाड्या आणि यंत्रं बघायला नाही. इथे पहारा कसा बदलतो ते बघायला. गेटवरचा, आणि गेटच्या आत काचेच्या केबिनमधलाही.

सकाळची मेट्रो धरून नाशिक फाट्याला उतरलो आणि भोसरी एमआयडीसीत शिरलो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. मोठ्या कंपन्यांची नावं पिंपरी-चिंचवडला मिळाली, पण त्यांना लागणारे नट, बुश, जिग, फिक्स्चर या गल्ल्यांत झाले. पाळ्यांच्या वेळा जिथल्या तिथे वेगळ्या. कुठे सहा-दोन-दहा, कुठे सात-साडेतीन-बारा. त्यामुळे सकाळी पावणेसहापासून साडेसातपर्यंत रस्त्यावर एकाच वेळी झोपेतून उठलेली आणि झोपायला निघालेली अशी दोन्ही तऱ्हेची माणसं दिसतात. चहाच्या टपरीवर दोघांचा ग्लास सारखाच, पण एकाचा दिवस सुरू होतोय आणि दुसऱ्याचा संपतोय. वडापाव मात्र नाईटवाल्यांनीच आधी संपवलेला असतो.

एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या गेटवर मला उभं राहू दिलं. रात्रपाळीचा गार्ड लातूरकडचा, पन्नाशीचा. त्याची ड्युटी सातला संपणार होती. सात वाजून गेले, दहा मिनिटं झाली, तरी तो खुर्चीवरून हलला नाही. "काका, रिलीव्हर आल्याशिवाय जायचं नाही," तो मला म्हणाला. "मग आठ वाजू देत नाहीतर नऊ."

रिलीव्हर आला. सायकल भिंतीला टेकवली, टोपी चढवली, आणि मग दोघं टेबलापाशी उभे राहिले. आधी चाव्यांचा जुडगा. जुन्याने एकेक चावी नाव घेऊन सरकवली: स्टोअर, पॅनेल रूम, मागचं गेट, कँटीन. नव्याने प्रत्येक चावीला बोट लावलं. मग टॉर्च पेटवून पाहिला, वॉकीटॉकीची बॅटरी पाहिली. शिट्टी दिली नाही. शिट्टी ज्याची त्याची. मग रजिस्टर. आत थांबलेला एक टेम्पो आणि त्याचा ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला आहे, मागच्या भिंतीजवळचा दिवा बंद आहे, एका सुपरवायझरची मोटारसायकल रात्रभर आतच आहे. शेवटी दोन सह्या: चार्ज दिला, चार्ज घेतला. सगळं मिळून पाच-सात मिनिटं लागली असतील. सलाम नाही, टाच आपटणं नाही. पण या बदलीत काही राहून गेलं असतं तर ते दोघांपैकी कोणाच्या तरी पगारातून गेलं असतं, म्हणून तिथे एक शब्द फुकट बोलला गेला नाही.

आत मशीनवर हेच चालतं, फक्त तिथे रजिस्टरऐवजी तोंडी चालतं. "दुसऱ्या स्टेशनचा सेन्सर त्रास देतोय, टूल रात्री बदललंय, पहिले पन्नास पीस गेजला लावून बघ." गंमत अशी की 1948 च्या कारखाने कायद्याने एकाच कामावर एकाच वेळी दोन पाळ्या ठेवायला मनाई केली होती. कामगारांना कागदावर नसलेले तास राबवून घेऊ नयेत हा हेतू, आणि तो योग्यच होता. पण त्यामुळे जाणारा आणि येणारा यांनी बोलायचं कधी, याला कायद्याच्या वेळापत्रकात रकानाच उरला नाही. ही पाच-सात मिनिटं कामगार स्वतःच्या पदरची घालतात. पुण्या-मुंबईच्या व्यवस्थापन परिसंवादांत 'उत्तराधिकार नियोजन' या विषयावर जी भाषणं होतात, ती देणाऱ्यांना एकदा तरी या गेटवर सकाळी सातला उभं करावं असं मला फार वाटलं.

भोसरीहून पिंपरी रिक्षाने जवळ. मेट्रोच्या पीसीएमसी स्थानकासमोर महापालिकेची इमारत आहे. 1970 साली नगरपालिका आणि 1982 साली महापालिका झालेलं हे शहर, आणि इथे खांदेपालट म्हटलं की लोक अजून 2017 चं नाव काढतात. 15 वर्षं राष्ट्रवादीच्या हातात असलेली पालिका त्या फेब्रुवारीत भाजपने 128 पैकी 77 जागा घेऊन जिंकली. अनेक चेहरे तेच होते, फक्त झेंडा बदलला होता, हा भाग वेगळा. पण मला त्यापेक्षा पुढची गोष्ट जास्त लक्षात राहिली. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातली प्रकरणं यांत निवडणूक अडकली ती थेट जानेवारी 2026 पर्यंत. मधल्या काळात प्रशासकांनी कारभार हाकला. गेटवरच्या भाषेत, एक पाळी घरी गेली आणि रिलीव्हर आलाच नाही. खड्ड्याची तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचं, हे जवळपास चार वर्षं प्रभागातल्या माणसाला कळत नव्हतं.

तिथून टाटा मोटर्सच्या भिंतीच्या कडेकडेने चिंचवडकडे निघालो. जुने लोक अजून 'टेल्को'च म्हणतात. 1960 च्या दशकात ही माळरानाची जमीन घेतली गेली, आणि टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी कारखान्याआधी तिथे झाडं लावली आणि तळं केलं. 'सुमो' या गाडीचं नाव त्यांच्याच नावा-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं. डिसेंबर 1988 मध्ये त्यांनी टेल्कोची सूत्रं रतन टाटांकडे दिली. नव्या पहारेकऱ्याची पहिलीच रात्र वाईट निघाली. कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखालचा संप पेटला, आणि सप्टेंबर 1989 मध्ये कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना रात्री उचलून नेलं. पुण्यातल्या त्या पिढीच्या माणसांना अजून ती पहाट आठवते. मुळगावकर त्याच वर्षी गेले. नऊ वर्षांनी, डिसेंबर 1998 मध्ये, याच आवारातून इंडिका बाहेर आली, आणि मगच लोक टेल्कोचा नवा माणूस पक्का झाला असं म्हणू लागले. 2012 अखेर रतन टाटांनी सायरस मिस्त्रींकडे दिलेला पहारा 2016 च्या ऑक्टोबरात कसा काढून घेतला गेला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर इथे वेळ घालवत नाही. तो मुंबईचा विषय, पिंपरीच्या गेटवर त्या दिवशीही पाळी वेळेवर भरली.

चिंचवडगावात मात्र थांबलंच पाहिजे. पवनेच्या काठावर मोरया गोसावींची समाधी, आणि आसपास त्यांच्या वंशजांच्या समाध्या. इथे उत्तराधिकार रक्ताचा होता. मंगलमूर्तीचा अंश सात पिढ्या या घराण्यात राहील अशी श्रद्धा, आणि त्या पिढ्यांतल्या पुरुषांना 'देव' म्हणूनच मान. 1809 मध्ये मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई पुण्याहून मुद्दाम इथे आली होती. तिला भेटलेला 'देव' हा एक लहान मुलगा होता, असं तिने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. तो वंश पुढे थांबला, देवस्थान विश्वस्तांकडे गेलं, पण माघ आणि भाद्रपदात पालखी अजून मोरगावला जाते. आता गादीवर कोण बसलं हा प्रश्न नाही, आणि मला वाटतं देवस्थानाला त्याने काही बिघडलं नाही.

आकुर्डीला बजाजचं आवार. या पट्ट्यातला सगळ्यात लांबलेला आणि मला विचाराल तर सगळ्यात सरळ झालेला खांदेपालट इथे घडला. राहुल बजाज 1960 च्या दशकाच्या अखेरीस कंपनीचे मुख्य झाले आणि कुटुंबासह कारखान्याच्या आवारातच राहिले. मालक भोंगा ऐकत उठतो, हे त्या काळात कामगारांनाही नवल वाटे. 2005 मध्ये राजीव बजाज व्यवस्थापकीय संचालक झाले. वडील अध्यक्षपदी राहिले. म्हणजे एक जण केबिनमध्ये आणि एक जण गेटपाशी, असं सोळा वर्षं.

ही सोळा वर्षं गोडीगुलाबीची नव्हती. 2007 मध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन बंद झालं. ज्या गेटातून पाळी सुटली की सायकलींची नदी वाहायची, ते गेट शांत झालं. 2009 मध्ये राजीव यांनी स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं. ज्या स्कूटरसाठी कधी काळी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, ज्या चेतकवर घरातल्या चार माणसांनी लोणावळा पाहिला, ती स्कूटर. वडिलांनी आपल्याला वाईट वाटलं हे उघडपणे सांगितलं. लपवलं नाही, आणि निर्णय फिरवायला हातही घातला नाही. हे दोन्ही एकाच माणसाला जमणं फार अवघड. आपल्याकडे निवृत्त झालेले वडील दुकानातल्या गल्ल्यावरची खुर्चीही सोडत नाहीत.

30 एप्रिल 2021 ला राहुल बजाजांनी अध्यक्षपद सोडलं, नीरज बजाज आले. 12 फेब्रुवारी 2022 ला राहुल बजाज गेले. आणि त्याच वर्षी 10 जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, आकुर्डीतच विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. स्कूटर सोडणाऱ्या मुलानेच ती त्याच आवारात परत आणली होती. मी गेटबाहेर उभा असताना आतून गाडीवर चढवलेल्या स्कूटर निघाल्या. आवाज नाही, धूर नाही. शेजारच्या टपरीवाल्याला विचारलं, जुन्या दिवसांतला आहात का? "मी नाय, बाप होता," तो म्हणाला. टपरीचाही चार्ज दिला-घेतलेला होता.

निगडीहून जुन्या मुंबई रस्त्याने तळेगावला गेलो. हा तसा चाकणचा शेजार, पण पट्टा तोच. इथे जनरल मोटर्सचा कारखाना 2008 साली सुरू झाला. 2017 अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, निर्यातीसाठी तीन वर्षं ओढली आणि डिसेंबर 2020 मध्ये टाळं लागलं. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीने तो घ्यायचं 2020 च्या सुरुवातीलाच ठरवलं होतं. मग गलवानमध्ये भारत-चीन चकमक घडली, परवानगी मिळाली नाही आणि 2022 मध्ये तो सौदा बारगळला. ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईने करार केला, जानेवारी 2024 मध्ये ताबा घेतला, आणि 2025 च्या अखेरीस इथून नवी व्हेन्यू बाहेर पडली. 2028 पर्यंत वर्षाला 2,50,000 गाड्यांचं लक्ष्य सांगितलं जातं.

कागदावर हा यशस्वी पहारेबदल आहे. पण मधल्या तीन वर्षांत हजारावर कामगारांची नोकरी गेली आणि ते लेबर कमिशनर, कोर्ट अशा चकरा मारत राहिले. इमारतीला रिलीव्हर मिळाला, माणसांना मिळाला नाही. शेड, पेंट शॉप, कन्व्हेयर यांची मोजदाद करून चार्ज दिला-घेतला गेला, आणि त्या यंत्रांचे आवाज ओळखणारा माणूस यादीत नव्हता. या पट्ट्यातला सर्वांत वाईट पहारेबदल कोणता असं कोणी विचारलं तर मी तळेगावचं नाव घेईन.

तळेगाव-चाकण रस्ता हा स्वतःच एक अनुभव आहे, तो कोणावर येऊ नये. ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बसा, आणि मधूनच कांद्याचा ट्रॅक्टर, कारण चाकणची बाजारपेठ कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून कांद्या-बटाट्याची आहे. चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास उभं राहिल्यावर मी उतरून चालत किल्ल्याकडे निघालो.

चाकणला किल्ला आहे हे पट्ट्यात नोकरी करणाऱ्या कितीजणांना माहीत असेल, शंका आहे. संग्रामदुर्ग. भुईकोट, चौकोनी, बुरूज आणि खंदक असलेला. आज तटाचे तुकडे, बुरुजांची खोडं, आणि आत दामोदराचं देऊळ. फिरंगोजी नरसाळा इथला किल्लेदार. तो शहाजीराजांच्या जहागिरीतला. शिवाजी महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा तो त्यांना येऊन मिळाला आणि महाराजांनी त्यालाच किल्ल्यावर कायम ठेवलं. धनी बदलला, पहारेकरी तोच राहिला. 21 जून 1660 ला शाईस्ताखान मोठ्या फौजेनिशी येऊन बसला. जमिनीवरचा किल्ला, पावसाळा, आत मोजके लोक. तरी वेढा जवळपास दोन महिने चालला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला आणि 14 ऑगस्टला एक बुरूज उडवला. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. खानाने फिरंगोजीला मोगली चाकरी देऊ केली. त्याने ती नाकारली आणि तो महाराजांकडे परतला. खानाने चाकणचं नाव इस्लामाबाद ठेवलं. नाव राहिलं नाही.

(योगायोग म्हणून सांगतो: 2013 मध्ये याच चाकणात बजाजच्या कामगारांनी कंपनीचे शेअर स्वस्तात मिळावेत या मागणीसाठी संप केला, तो साधारण 50 दिवस चालला. चाकणला वेढे लांबतात.)

किल्ल्याचा पहारा बदलायचा कसा, याचं शास्त्रही मराठ्यांनी लिहून ठेवलंय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितलंय, की हवालदाराची बदली तीन वर्षांनी, सरनौबताची चार आणि सबनीस-कारखानिसांची पाच वर्षांनी करावी. म्हणजे कोणी किल्ल्याचा मालक होऊन बसणार नाही, आणि सगळे एकदम नवेही होणार नाहीत. नवा हवालदार येईल तेव्हा किल्ला जाणणारा सबनीस जागेवर असेल. हातात तलवार आणि चाव्या असलेल्याला कमी मुदत, दप्तर सांभाळणाऱ्याला जास्त. तीनशे वर्षांपूर्वीची ही तीन-चार-पाचची मोजणी वाचली की तळेगावला काय चुकलं आणि आकुर्डीला काय साधलं, दोन्ही उलगडतं.

चाकणमधल्या मर्सिडीज-बेंझचं वेळापत्रक पाहा. कंपनी 1990 च्या दशकात पिंपरीत टाटांच्या आवारात सुरू झाली आणि 2009 मध्ये चाकणला आली. इथला प्रमुख परदेशातून यायचा आणि तीन-चार वर्षांनी जायचा: एबरहार्ड केर्न 2012 अखेर, रोलांड फोल्गर 2015, मार्टिन श्वेंक 2018. हवालदाराची मुदत जवळपास आज्ञापत्रातलीच. खालची लाइन, पेंट, क्वालिटी सांभाळणारे मात्र इथलेच आणि टिकलेले. 1 जानेवारी 2023 ला संतोष अय्यर हे पहिले भारतीय प्रमुख झाले, तेही आतून वर आलेले. ह्युंदाईनेही 1 जानेवारी 2026 पासून तरुण गर्ग यांच्याकडे भारताची सूत्रं दिली, तिथेही पहिल्यांदाच भारतीय. वर्तमानपत्रांनी या दोन्हींचं खूप कौतुक केलं. मला त्यापेक्षा सबनीस जागेवर आहे का, हे बघायला आवडेल.

संध्याकाळी मेहुण्याच्या कंपनीबाहेर उभा राहिलो. त्याची पाळी सुटली होती, पण तो वीस मिनिटं उशिरा आला. डाय सेट करताना नवा पोरगा अडखळत होता म्हणे, तो ऑपरेटर नसून ट्रेनी होता. या पट्ट्यात आता पर्मनंट कमी आणि कंत्राटी, ट्रेनी जास्त. दर काही महिन्यांनी माणसं बदलतात, त्यामुळे चार्ज द्यायचा कोणाला हाच प्रश्न. "शिकवून होतंय तोवर तो जातो, दाजी," मेहुणा म्हणाला. तीन-चार-पाच वर्षांची गोष्ट त्याला सांगितली. त्याला आज्ञापत्र माहीत नव्हतं, पण पटलं लगेच.

आता चाकण-तळेगावच्या कंपन्यांना एक विनंती. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार नफ्यातला दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, आणि ऐतिहासिक वारशाचं जतन त्या कामांच्या यादीत आहे. तुमच्या गेटपासून काही मिनिटांवर संग्रामदुर्ग उभा आहे. मी गेलो तेव्हा तिथे मला वेढ्याची हकीकत नीट सांगणारा फलक दिसला नाही, पहारेकरीही दिसला नाही. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने तटाची डागडुजी, खंदकाची सफाई, एक चांगला फलक आणि दोन पाळ्यांत दोन गार्ड, एवढं तुमच्या एका गाडीच्या जाहिरातीच्या खर्चात होईल.

आणि वाचकांपैकी कोणाला जायचं असेल तर रविवारी सकाळी जा. इतर दिवशी दुपारी दोन ते साडेचार आणि रात्री दहाच्या आसपास चाकण चौक टाळा. तेव्हा पाळ्या सुटतात, आणि पुण्याहून तासाभराचा रस्ता दोन-अडीच तास घेतो.